मतांनी वाचलेली शाळा

बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 2003 साली ‘रिस्टोरेशन’ नावाची मालिका सुरू झाली. मोडकळीला आलेल्या जुन्या वास्तू दाखवायच्या, त्यांची हकीकत सांगायची आणि त्यांतली कोणती वाचवायची हे प्रेक्षकांनी फोन करून ठरवायचे, अशी तिची रचना होती. ग्रिफ रीस जोन्स हे विनोदी नट सूत्रधार होते. एक वास्तुतज्ज्ञ आणि एक सर्वेक्षक प्रत्येक इमारतीच्या भिंती, तुळया, गळणारी छपरे तपासून तिचे दुखणे सांगत. जिंकणाऱ्या वास्तूला ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून उभ्या राहिलेल्या वारसा निधीचे मोठे अनुदान मिळायचे आणि फोनच्या शुल्कातला हिस्साही दुरुस्तीकडे जायचा. पहिल्या वर्षी 30 वास्तू रिंगणात होत्या. 2004 च्या दुसऱ्या मालिकेत 21 होत्या आणि त्यांत किल्ले, गिरण्या, वाडे असतानाही जिंकली ती किंग्ज नॉर्टन या गावची जुनी शाळा. तिच्याबरोबर शेजारचे ‘सॅरसन्स हेड’ हे जुने घर होते. एका जुन्या शाळेसाठी देशभरातल्या लोकांनी पदरचे पैसे खर्चून फोन केले, ही गोष्ट आपल्याकडे, जिथे जुन्या शाळांचा प्रश्न रोजचा आहे, नीट समजून घेण्यासारखी आहे. त्या मतदानाने काय साधले, काय साधले नाही आणि इमारत खरोखर कशामुळे टिकली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. मालिकेचे कौतुक करणारे आणि तिच्यावर टीका करणारे, दोघेही त्यांची गल्लत करतात असे मला वाटते.

आधी ही इमारत पाहू. किंग्ज नॉर्टन हे मूळचे वूस्टरशर परगण्यातले खेडे. मध्ये हिरवे मैदान, बाजूला सेंट निकोलस चर्चचा उंच मनोरा आणि चर्चच्याच आवारात ही दोन मजली लहानशी शाळा. खालचा भाग विटांचा आणि दगडी चौकटींचा, वरचा मजला ओक लाकडाच्या सांगाड्याचा. वर एकच लांबट दालन आहे. छत उघडे असल्याने तुळया दिसतात आणि एका टोकाला नक्षीदार चौकटीची मोठी खिडकी आहे. पाहणाऱ्याला वाटते की खालचा भाग आधी बांधला आणि वरचा नंतर चढवला. प्रत्यक्षात वरचा मजला जुना, पंधराव्या शतकातला, आणि खालचा त्यानंतरचा आहे. हे कळले ते लाकडातल्या वलयांवरून. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पाऊसपाणी चांगले झाले तर रुंद, अवर्षण पडले तर अरुंद. एका प्रदेशातल्या सगळ्या ओकांवर या रुंद-अरुंद वलयांची एकसारखी मालिका उमटते. तुळईतून पेन्सिलीएवढा नमुना काढायचा, त्यावरची मालिका त्या प्रदेशाच्या माहीत असलेल्या मालिकेशी ताडायची, की झाड कोणत्या सुमारास तोडले ते सांगता येते. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तर नेमके वर्षही मिळते. त्या काळी सुतार ओक ओला असतानाच वापरत, कारण वाळल्यावर तो कापायला फार कठीण जातो. म्हणून झाड तोडल्याचे वर्ष आणि बांधकामाचे वर्ष यांत फारसे अंतर नसते. आणि लाकडी सांगाड्याचे घर भिंतींवर उभे नसते, ते खांब-तुळयांच्या सांध्यांवर उभे असते. त्यामुळे वरचा भाग तसाच तोलून धरून खालचा कुजलेला भाग नव्याने बांधून काढणे सुताराला जमत असे. म्हणजे ही शाळा आज आहे ती मुळात कुणीतरी काही शतकांपूर्वी तिची मोठी दुरुस्ती केली म्हणून. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

इथे शिकवले जाई ते लॅटिन व्याकरण. इंग्लंडात अशा शाळांना ग्रामर स्कूल म्हणत आणि त्या मुलग्यांसाठीच असत. 1547 मध्ये सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून दिलेल्या धार्मिक देणग्या कायद्याने सरकारजमा झाल्या. अनेक गावांत या देणग्यांवर जगणारा धर्मगुरूच मुलांना शिकवत असे, त्यामुळे देणगी गेली की शाळाही जाणार होती. काही शाळांना राजाने नेमणूक बांधून दिली आणि किंग्ज नॉर्टनची शाळा त्यांपैकी एक. इथे एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. राजाने गावाला विचारले, जमीन हवी की रोख? गावाने वर्षाला 15 पौंडांची रोख नेमणूक घेतली. शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये 1552 साली राजाच्या सनदेने शाळा निघाली. तिला जमिनी मिळाल्या आणि त्यांचे उत्पन्न तेव्हा वर्षाला सुमारे 20 पौंडांचे होते. बर्मिंगहॅम वाढत गेले, त्या जमिनींवर शहर उभे राहिले, आणि ती शाळा देशातल्या धनाढ्य शिक्षणसंस्थांपैकी एक झाली. 15 पौंड मात्र 15 पौंडच राहिले आणि महागाईने त्यांची किंमत शतकागणिक उतरत गेली. गावाने खरोखर निवड केली की कागद तसेच निघाले, हा तपशील बाजूला ठेवला तरी फरक खराच आहे. ठरावीक रकमेवर संस्था काही काळ चालते, वाढत्या उत्पन्नावर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

शाळेच्या इतिहासातला ठळक माणूस म्हणजे टॉमस हॉल. 1610 ते 1665 हा त्याचा जीवनकाळ. कडवा प्युरिटन, गावचा धर्मोपदेशक आणि शाळामास्तर. पुरुषांनी लांब केस ठेवण्याविरुद्ध आणि वसंतोत्सवातल्या खेळांविरुद्ध त्याने पुस्तके लिहिली. 1662 मध्ये नव्या धर्मकायद्याला मान्यता न दिल्याने त्याचे पद गेले. मते काहीही असोत, त्याने आयुष्यभर जमवलेली पुस्तके लोकांसाठी मागे ठेवली आणि ती आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. खेड्यातल्या मास्तराचा ग्रंथसंग्रह साडेतीनशे वर्षे टिकतो, तो कुणीतरी त्याची यादी आणि जबाबदारी घेतल्यामुळे. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारी शिक्षणव्यवस्था आली आणि जुन्या दालनातली शाळा बंद पडली. पहिल्या महायुद्धाच्या आधी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या दोन कार्यकर्त्या ही इमारत पेटवायच्या इराद्याने आत शिरल्या, पण ते जुने दालन पाहून त्यांचे मन बदलले आणि तसे फळ्यावर लिहून त्या निघून गेल्या, अशी आठवण गावाने जपली आहे. 1911 मध्ये किंग्ज नॉर्टन बर्मिंगहॅम शहरात सामील झाले. भोवती कारखाने आणि वस्त्या आल्या. गाव उपनगर झाले आणि शाळेची इमारत वापराविना जीर्ण होत गेली. शेजारचे सॅरसन्स हेड पंधराव्या शतकाच्या अखेरीस लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेले घर. 1643 च्या यादवीत राणी हेन्रिएटा मारिया तिथे मुक्कामाला होती असे सांगतात. पुढे त्याची खाणावळ-दारूगुत्ता झाला आणि विसाव्या शतकात ते चर्चकडे आले. (याच चर्चमध्ये 1940 ते 1946 या काळात विल्बर्ट ऑड्री हे सहायक धर्मगुरू होते. आपल्या लहान मुलासाठी रचलेल्या त्यांच्या आगगाडीच्या गोष्टींतूनच पुढे आपल्याकडच्या मुलांनाही टीव्हीवरून माहीत झालेले ‘थॉमस’ इंजिन आले.)

आता मतदानाकडे वळू. वारसा ठरवणे ही काय गाण्यांची स्पर्धा आहे, हा मालिकेवरचा पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप. इमारतीचे ऐतिहासिक मोल अभ्यासाने ठरायला हवे, पडद्यावर ती किती देखणी दिसते यावर नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींचे जुने घर कॅमेऱ्याला मोहवते, पत्र्याच्या छपराची कामगारवस्तीतली शाळा मोहवत नाही. मतदानात तिचा निभाव लागणार नाही, हे मान्य करायलाच हवे. पण इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, रिंगणात येणाऱ्या इमारती आधी तज्ज्ञांच्या चाळणीतून आलेल्या होत्या. लोकांनी निवड केली ती महत्त्व सिद्ध झालेल्यांमध्ये. दुसरी अधिक महत्त्वाची. हरलेल्यांचे काय झाले, ते पाहावे. त्याच 2004 च्या अंतिम फेरीत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा पोर्टेनक्रॉस किल्ला होता आणि यॉर्कशरमधली 1784 ची गेल मिल ही पाणचक्कीवर चालणारी गिरणी होती. दोन्ही वास्तू हरल्या. पण टीव्हीमुळे त्यांच्याभोवती आणखी माणसे जमली, मित्रमंडळे आणि न्यास कामाला लागले, नेहमीच्या मार्गाने अनुदाने मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही वास्तू दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडल्या. तेव्हा या मालिकेतून निघालेली मोठी कमाई विजेत्याच्या अनुदानात मोजता येत नाही. आपल्या गावातली दुर्लक्षित इमारत मोलाची आहे हे गावकऱ्यांना बाहेरच्या लोकांच्या डोळ्यांतून दिसले, ही ती कमाई. सरकारी यादीत नाव असूनही हे घडत नव्हते. किंग्ज नॉर्टनची शाळा संरक्षित वास्तूंच्या यादीत वरच्या श्रेणीत होती आणि तरीही तिची पडझड चालूच होती.

दुसरीकडे, विजय पुरेसा नसतो याचाही पुरावा याच मालिकेत आहे. 2003 ची पहिली विजेती वास्तू म्हणजे मँचेस्टरची व्हिक्टोरिया बाथ्स. 1906 साली कष्टकरी वस्तीसाठी बांधलेले, रंगीत काचा आणि चकचकीत फरश्यांचे सार्वजनिक पोहण्याचे संकुल. अनुदान मिळाले, दर्शनी भागाची सुंदर दुरुस्ती झाली, पण लोकांना जे हवे होते ते, म्हणजे रोज पोहायला उघडे असलेले तलाव, दोन दशके उलटून गेली तरी परत मिळाले नव्हते. प्रचंड इमारत, प्रचंड खर्च आणि रोजचे उत्पन्न तुटपुंजे. किंग्ज नॉर्टनला हे टळले, कारण तिथे इमारत लहान होती आणि तिला वाली आधीपासून होता. चर्चची मंडळी, तिथले स्वयंसेवक आणि त्यांचे रोजचे कार्यक्रम तिथे होतेच. 2008 मध्ये दुरुस्ती पुरी होऊन ‘सेंट निकोलस प्लेस’ या नावाने हा सारा परिसर खुला झाला. कॅफे, सभा आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्या, मार्गदर्शकासह फेऱ्या आणि शाळांच्या सहली, असे वापर तिथे रुळले. शाळकरी मुले त्या वरच्या दालनात बसून जुन्या काळचा वर्ग कसा होता ते पाहतात. लॉटरीचा वारसा निधी पैसे देताना इमारत पुढे कशी वापरणार आणि खर्च कसा भागवणार हे विचारतो, या अटीचाही त्यात वाटा आहे. 15 पौंडांच्या नेमणुकीचा धडा चार-साडेचार शतकांनी तिथे उपयोगी पडला म्हणायचा. टीव्हीने एकदाची रक्कम दिली, इमारत मात्र टिकली ती वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसांवर आणि त्यांच्या छोट्या-छोट्या पैशांवर.

यावर कुणी म्हणेल, विद्यार्थी नसलेली शाळा ही शाळाच नव्हे. कॅफे चालवून, लग्ने लावून तुम्ही भिंती जपल्या, शिक्षण नव्हे. आणि तो पैसा चालू शाळांवर खर्च केला असता तर? या म्हणण्याचा पूर्वार्ध मला पटतो. शाळेत मुले शिकत असतील तर त्याहून चांगला वापर दुसरा नाही, आणि चालती शाळा बंद करून तिचे संग्रहालय करणे याला वारसाजतन म्हणता येणार नाही. पण किंग्ज नॉर्टनची शाळा मालिकेच्या शंभरावर वर्षे आधीच बंद पडली होती. तिथे निवड मुले की संग्रहालय अशी नव्हती, वापर की पडझड अशी होती. पैशाबद्दल म्हणायचे तर वारसा निधी शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकातून येत नाही. शाळेची दुरुस्ती केली नसती तर ती रक्कम दुसऱ्या एखाद्या किल्ल्याकडे किंवा वाड्याकडे गेली असती. राजवाडे जपायचे आणि खेड्यातल्या मास्तराचा वर्ग मात्र पडू द्यायचा, यात न्याय कुठला?

याच ठिकाणी हा विषय महाराष्ट्राशी येऊन भिडतो. आपल्या खेड्यांतल्या जुन्या शाळा राजांच्या नेमणुकीवर उभ्या राहिलेल्या नाहीत. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसवला गेला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे खेड्यातली शाळा शेतकऱ्याच्या आण्यावर चालली. दगडी भिंती, मंगलोरी कौले आणि समोर ओटा असलेल्या कित्येक शाळा त्या परंपरेतल्या, पुढे लोकल बोर्डाच्या आणि 1962 पासून जिल्हा परिषदेच्या. आपल्या शहरांतल्या वारसा याद्यांत वाडे, मंदिरे, सरकारी कचेऱ्या सापडतात, खेड्यातली शाळा त्यांच्या कक्षेतच येत नाही. पट घसरल्याने अनेक शाळांवर वेगळेच संकट आहे. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा 2023 मध्ये राज्यात चौदा हजारांवर होत्या आणि त्याच वर्षी त्यांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आला. पट नसलेली शाळा चालवण्याचे अर्थशास्त्र अवघड आहे हे खरे. पण शाळा हलवताना इमारतीचे आणि दप्तराचे काय करायचे, याचा विचार त्या चर्चेत ऐकू येत नाही.

दप्तर मी मुद्दाम म्हटले. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर हा गावाचा फार मोठा ऐवज असतो. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा आजोबा-पणजोबांचे नाव शोधायला माणसे शाळेतच येतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी धुंडाळल्या, त्यात शाळांची जुनी रजिस्टरे होती आणि मोडी वाचणाऱ्यांना त्यासाठी बोलवावे लागले. साताऱ्याच्या हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे, म्हणजे पुढच्या बाबासाहेबांचे, नाव दाखल झाले, ते रजिस्टर जपले गेले म्हणून आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. दाखल्याची ती एक ओळ वाळवीने खाल्ली असती तर आपण काय गमावले असते याची कल्पना करावी. उलट पुण्यातल्या भिडे वाड्याचे पाहा. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जिथे मुलींची शाळा सुरू केली तो वाडा वर्षानुवर्षे न्यायालयीन वादात ढासळत गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हायलाच हवे. पण भारतातल्या स्त्रीशिक्षणाच्या त्या घराच्या मूळ भिंती दुरुस्तीच्या अवस्थेत असताना कुणी हात घातला नाही, ही आपल्या समाजाची मोठी चूक आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला उत्तर देताना हयगय करून चालणार नाही. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. अशा घटनेनंतर जुनी इमारत पाडून टाका, ही मागणी समजण्यासारखी आहे. मुलाच्या जिवापुढे कोणत्याही भिंतीचे मोल नाही. इमारत धोकादायक ठरली तर वर्ग त्याच दिवशी बाहेर हलले पाहिजेत. पण वर्ग बाहेर हलवणे आणि इमारत जमीनदोस्त करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिली तातडीची, दुसरी तपासणीनंतरची. दगड-लाकडाची इमारत बहुधा एका रात्रीत धोकादायक होत नाही. कौल फुटते, पाणी तुळईच्या टोकाशी भिंतीत मुरते, टोक कुजते, आणि तोवर कौल बदलायला मंजुरी आलेली नसते. किंग्ज नॉर्टनच्या शाळेचा खालचा अर्धा भाग बदलला गेला म्हणून वरचा अर्धा उभा राहिला. वेळच्या वेळी झालेली दुरुस्ती मुलांचेही रक्षण करते आणि वास्तूचेही. तेव्हा सुरक्षितता आणि जतन हे वैरी आहेत हा समज सोडायला हवा.

मराठी वाहिन्यांनी अशी मालिका जरूर करावी. मात्र त्यात देखण्या वास्तूंबरोबर साध्या कौलारू शाळांनाही जागा द्यावी, आणि बक्षिसाआधी प्रत्येक गावाला विचारावे की पुढची दहा वर्षे ही इमारत तुम्ही कशासाठी वापरणार आणि तिची कौले कोण शाकारणार. अभ्यासिका, वाचनालय, अंगणवाडी, महिला बचत गटाची बैठक, काहीही चालेल. पण टीव्हीची वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्या गावची शाळा कोणत्या साली निघाली ते मुख्याध्यापकांना विचारा. जनरल रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, त्याला ओल लागली आहे का, ते पाहा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवण्याचा ठराव मांडा, आणि पावसाळ्याआधी कौलांच्या दुरुस्तीसाठी ग्रामसभेत रक्कम मागा.